देवाचं नाव नसलेली कॅसेट

माझ्या शिवणकामाच्या दुकानात एक कॅसेट वाजते. गाणारणीचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. दुकानातल्या बायांनी मोबाइलवर तीन-तीनदा शोधून पाहिलं. त्या नावाच्या दुसऱ्याच कुणी सापडतात, एक तर केक करायला शिकवते. कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा पत्ता नागपूरच्या एका गल्लीचा होता. मी एकदा कापड आणायला गेले तेव्हा जाऊन आले, तिथे आता प्लायवूडचं दुकान आहे. म्हणजे ही गाणी जगात आणखी कुणाकडे असतील-नसतील, मला माहीत नाही. ज्यांना आपल्या आवडीवर दुसऱ्याची सही लागते त्यांनी खुशाल हसावं. मला लागत नाही.

ती मला सौंसरच्या आठवडी बाजारात मिळाली, चोवीस वर्षं झाली. सौंसर माझं माहेर. लग्न ठरलं होतं, पांढुर्ण्याला जायचं होतं, आणि मशीन सोबत न्यायचं होतं म्हणून मी त्याची बॉबिन केस शोधत फिरत होते. एक माणूस पोतं अंथरून मोडकं सामान मांडायचा. पंख्याचे रेग्युलेटर, इस्त्रीच्या वायरी, चष्म्याच्या काड्या. बॉबिन केस मिळाली नाही, कॅसेट मिळाली. कव्हरवर एक मुलगी गिटार घेऊन उभी होती. तिला गिटार धरता येत नव्हती, हे मलासुद्धा कळलं, आणि मी तर गिटार जवळून पाहिलेलीही नव्हती. आतल्या कागदावर निळ्या बॉलपेननं, हिंदीत, गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘किसी को देना मना है.’

आणि तीच कॅसेट पोत्यावर विकायला आली होती. अक्षर बाईचं वाटलं. तिच्या घरात तिचं चाललं नाही, एवढा मी अर्थ काढला. माझं चालेल, असं ठरवून मी ती घेतली.

तिची सूचना मी पाळली. लग्नानंतर शेजारच्या कितीजणींनी मागितली, मी दिली नाही. कॉपी काढायलाही दिली नाही, कारण कॉपी काढायला द्यायची म्हणजे द्यायचीच की. हा हट्ट होता आणि तो पुढे महागात पडला, तेही सांगते.

आठ गाणी आहेत. सात हिंदी, एक मराठी. वाजवणं यथातथाच. ढोल म्हणून जो आवाज येतो तो डबा बडवल्यासारखा आहे. मुलीचा आवाज गोड नाही, सरळ आहे. फूटपट्टी ठेवून आखल्यासारखा. पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात ती बसस्टँडवर उभी आहे. बस उशिरा येते आहे. तोवर ती फळ्यावरची गावं वाचते, चपलेचा अंगठा तुटलाय तो पिनेनं जोडते, आणि शेवटी बस येते. खिडकीची जागा मिळते. संपलं गाणं. मला वाटलं, आता कोणीतरी मागून हाक मारेल, ती उतरेल. तोवर मी ऐकलेल्या सगळ्या गाण्यांत बाई माणसाची वाट पाहायची. ही बसची वाट पाहते, आणि बस येते, आणि ती जाते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मला ते फार बरोबर वाटलं. आजही वाटतं.

दुकान काढलं तसा टेप तिथे ठेवला. आमच्याकडे शाळांचे गणवेश शिवतात. एक बाजू वीस मिनिटांची. तेवढ्या वेळात हात बसलेली बाई शर्टाच्या सहा कॉलर उलटवून, टीप मारून मोकळी होते. हळूहळू असं झालं की माझ्या दुकानात मिनिटं कोणी बोलत नाही. गिऱ्हाईक विचारतं, किती वेळ लागेल? आतून उत्तर येतं, “दोन बाजू.” जेवणाची सुट्टी दुपारी सहावी बाजू संपली की. कोणी कामात मागे पडली तर मला बोलावं लागत नाही, गाण्यातली बस निघून गेली तरी तिची तिसरी कॉलर झालेली नसते, तिचं तिलाच कळतं.

एकदा एका शाळेचे मुख्याध्यापक मापं द्यायला आले होते. म्हणाले, “बाई, हे काय लावून ठेवलं? काही चांगलं लावत जा ना.”

मी विचारलं, “सर, मागच्या वर्षी कॉलर वाकडी आली होती?”

“नाही, कॉलरचं काही म्हणणं नाही.”

“मग हेच चांगलं आहे.”

त्यांनी ऑर्डर दिली. दर वर्षी देतात.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर टेपचा आतला पट्टा तुटला. पांढुर्ण्यात मोबाइलची दुकानं गल्लोगल्ली आहेत, टेपला हात लावणारा एक उरलेला नाही. गाव जिल्हा झालं आणि टेपवाला गेला. सौंसरला एक रेडिओवाले काका अजून बसतात, त्यांच्याकडे टेप पोहोचवला. पट्टा यायला तीन आठवडे लागतील म्हणाले. दुकानात उंदरांचा त्रास, म्हणून कॅसेट मी घरी आणली आणि सासूबाईंच्या कॅसेटच्या पेटीत ठेवली. त्या पेटीत पस्तीसेक कॅसेट आहेत. भजनं, आरत्या, एका बुवांची कीर्तनं. सासूबाई आता ऐकत नाहीत, पण पेटी रोज पुसतात. मला ती जागा सुरक्षित वाटली. चूक तिथे झाली.

आमचं वावर सावरगावच्या बाजूला आहे, जाम नदीच्या पलीकडे. संत्र्याची बाग, आणि कडेला घरच्या खाण्यापुरती अर्धा एकर ज्वारी. ती माझे दीर पाहतात. कणसं भरायला लागली की राघूंचे थवे उतरतात. गोटमारीच्या जत्रेमुळे आमच्या गावाची दगड मारण्यात एवढी ख्याती, पण दिवसभर मचाणावर बसून पाखरं हाकायला कोणी तयार नसतं. त्यामुळे आमच्याकडे जुनी कॅसेट उसवून तिची पट्टी वावरावर ताणतात. उन्हात चमकते, वाऱ्यानं फरफरते, पाखरं चार दिवस बिचकतात.

एका संध्याकाळी मी घरी आले, पेटी उघडी दिसली म्हणून पाहिलं. रिकामी डबी होती, आत कव्हर होतं, कॅसेट नव्हती. दीर ओट्यावर चहा पीत होते.

“भाऊजी, पेटीतली कॅसेट कुठं आहे?”

“घेतली ना वो वहिनी मी. रविवारीच ताणली. पाखरं लय त्रास देऊन राहिले होते.”

“पस्तीस होत्या. माझीच कशी घेतली?”

ते खरोखर चकित झाले. “मंग कोणती घेऊ? बाकी साऱ्या देवाच्या. देवाचं नाव वावरात कसं टांगायचं? पाखरं हागतीन ना वरून. पाप कोणाले लागन? एकच होती बिनदेवाची, तेच घेतली. तरी मी भाऊले विचारलं. भाऊ म्हणे घे, ते तिची जुनी आहे.”

भाऊ म्हणजे आमचे हे. हे आतून म्हणाले, “अगं, कॅसेटच तर होती. मोबाइलवर मिळतं सगळं आता.”

“हे मिळत नाही.”

“मग दुसरं काही ऐक.”

मी आरडाओरडा केला नाही. मला आरडाओरडा करून काम होताना दिसलेलं नाही. पण एक गोष्ट तिथेच बोलून टाकली. पस्तीस कॅसेटमधली एक कोणाची आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच ती गेली. कोणाची नसती तर कदाचित वाचली असती. ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पिशवीत सहा रिकामी रिळं, कात्री, मार्कर आणि मापाची टेप घेतली आणि दिरांना म्हटलं, “चला. गाठी तुम्ही मारल्यात, तुम्हीच सोडा.”

“वहिनी, आता नोको. कणसं दुधात आहेत. पट्टी काढली त दोन दिवसांत साफ करतीन.”

“त्याचं पाहू.”

ज्वारी माझ्या डोक्याच्या वर होती. पट्टी बांबूच्या काठ्यांना बांधलेली, पाच ओळी, चार दिवसांचं दव आणि ऊन खाल्लेली. कोणी विचारतात, वाऱ्यावर ती गात होती का? नाही. पट्टी फरफरत होती, दुसरं काही नाही. ज्वारीची पानं हात कापत होती. दीर गाठ सोडायचे, मी रिळावर गुंडाळायची, प्रत्येक रिळावर आकडा टाकायची.

“सुरुवात कुठून केली होती?”

“विहिरीकडून.” थोडं पुढे गेलो. “नाही वो, बांधाकडून वाटते.”

“नक्की कुठून?”

“आता गाणं कोणीकडून सुरू होते ते पाहून का कोणी पाखरं राखते?”

हे त्यांचं बरोबर होतं. मला हसू आलं, पण मी हसले नाही. अजून दोन ओळी बाकी होत्या.

पाच तुकडे मिळाले. एका ठिकाणी काठीजवळ पट्टी तुटून उडून गेली होती. मी बांधावर, बाभळीत, शेजाऱ्याच्या तुरीतसुद्धा शोधलं. नाही मिळाली. कॅसेटचं प्लॅस्टिक विहिरीजवळ सापडलं, त्याच्यावरून बैलगाडी गेली होती.

मग प्रश्न ज्वारीचा. घरी आले तर हे म्हणाले, “वर्षाची भाकर पाखरांना घातलीस.” ज्वारी माझ्याही ताटात येते, तेव्हा मला ते मान्य होतं. मी पेटी काढली आणि सासूबाईंच्या समोर ठेवली. त्या ऐंशीच्या पुढच्या, कान थोडे कमी, बाकी सगळं शाबूत.

“आई, यातली एक मला द्या. वावरावर ताणायची आहे.”

दीर एकदम उभे राहिले. “वहिनी! देवाची?”

“देव सगळ्या जगाला राखतो म्हणता. अर्धा एकर ज्वारी राखायला त्याला काय कमीपणा आहे? माझ्या गाणारणीनं चार दिवस राखली. आता त्याची पाळी.”

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मला वाटलं, आता सासूबाई पेटी ओढून घेतील, आणि मग मी काय करणार होते ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या हातून हिसकून मी घेतली नसती.

त्यांनी विचारलं, “तुह्या कॅसेटीत कोण गाते?”

“एक मुलगी.”

“चांगली गाते?”

“सुरात गाते.”

त्यांनी पेटीत हात घातला, चाचपत एक काढली, डोळ्यांजवळ नेली आणि माझ्या हातात दिली. “हे ने. हा बुवा बेसूर गाते. तुह्या सासऱ्यानं आणली होती म्हणून ठेवली. मले पयल्या दिवसापासून आवडत नाही.”

“अन् पाप?” दीर म्हणाले.

“चाळीस वर्षं ऐकलं मी त्याले. फिटलं पाप.”

बुवा त्याच दुपारी वावरावर गेले. दिरांनी ताणायला नकार दिला, मी ताणली. ज्वारी पाखरांनी दर वर्षीइतकीच खाल्ली. कमी नाही, जास्त नाही.

रिळं घेऊन मी सौंसरची बस धरली. रेडिओवाले काका सत्तरीचे, डोळ्याला भिंग लावून बसतात. त्यांनी एक रीळ उलगडून पाहिलं.

“बाई, हे काय वावरातून आणलं काय?”

“हो.”

“फेकून द्या. वाजणार नाही.”

“वाजवून दाखवा, मग फेकते.”

ते वैतागले, पण टेबल मोकळं केलं. आम्ही मऊ फडक्यानं पट्टी पुसली. त्यांनी स्क्रूवाली एक कोरी कॅसेट उघडली, तिचं प्लॅस्टिक घेतलं. जोड लावायची रीत अशी: दोन टोकं तिरकी कापायची, एकमेकांना भिडवायची आणि मागच्या बाजूनं चिकटपट्टीचा बारीक तुकडा. पुढून लावला तर टेपचं डोकं खराब होतं. तिरकी कापणं माझ्या हातचं काम, तिरप्या पट्ट्या मी आयुष्यभर कापल्या आहेत. तीन जोड झाल्यावर काका कात्री माझ्याकडेच देऊ लागले.

क्रम लावायला दोन खेपा लागल्या. प्रत्येक तुकडा वेगळा वाजवायचा, मी ऐकून सांगायचं, हे दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं, हे त्याच्यानंतरचं. एक तुकडा काकांनी टोकं बदलून जोडला तर पहिल्या बाजूच्या मधोमध दुसऱ्या बाजूचं मराठी गाणं सुरू झालं.

“हे पण चांगलं वाटून राहिलं की,” काका म्हणाले.

“चांगलं वाटू द्या. काढा.”

सगळं जागेवर आल्यावर मी मापाची टेप काढली. हातभर पट्टी म्हणजे साधारण दहा सेकंद. हिशेब केला तर चार-सव्वाचार हात कमी भरत होती. चाळीस सेकंद गेले होते. पहिल्या बाजूला ते बसच्या गाण्यातून गेले, शेवटच्या भागातून, जिथे बस येते. काका म्हणाले, “काही हरकत नाही, दोन्ही टोकं भिडवून टाकतो. ऐकणाऱ्याला कळणार पण नाही.”

“मला कळेल. कोरी पट्टी घाला तिथं. चार-सव्वाचार हात.”

“कोरी? म्हणजे मधेच गप्प बसेल ती.”

“बसू द्या. गेलं ते गेलं म्हणून दिसलं पाहिजे. आणि बाजू वीस मिनिटांचीच राहिली पाहिजे, माझ्या कॉलरचं गणित आहे.”

काकांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. “बाई, असं कोणी करत नाही.”

“मी करते.”

त्यांनी केलं. टेपला नवा पट्टा बसवला, आणि कॅसेट आपल्या दुकानातच पूर्ण वाजवून दिली. काही जागी आवाज पाण्यात गेल्यासारखा होतो, जोडांच्या जागी टक् होतं. बाकी आहे तशी आहे.

आणखी एक काम मी लगेच केलं. दुकानातल्या एकीकडून दोन्ही बाजू मोबाइलवर भरून घेतल्या आणि प्रत्येकीच्या मोबाइलवर पाठवायला लावल्या. पोतं मांडणाऱ्याकडे ज्या बाईची कॅसेट गेली तिची माफी मनातल्या मनात मागितली. ‘देना मना है’ हे तिनं भीतीनं लिहिलं होतं, आणि मी पण भीतीनंच पाळत होते. एकच प्रत ठेवली म्हणजे ती आपली राहते, असं वाटायचं. तसं नसतं. एकच ठेवली तर ती एका सकाळी वावरात जाते.

दुकानात मात्र कॅसेटच वाजते.

महिन्याभरानं दीर पँट कमरेत उसवून घ्यायला दुकानात आले. वावरातल्या त्या सकाळनंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, मीही. ते बाकावर बसले. पहिली बाजू चालू होती. बसस्टँड आलं, फळ्यावरची गावं झाली, चपलेला पिन लागली, आणि आवाज थांबला. मशीनं चालूच होती. थांबायला मी कोणाला सांगितलेलं नाही आणि गायलाही नाही, पण आमच्या बायांना ती ओळ पाठ आहे. एकीनं खाली मान घालूनच सुरू केली, मग सगळ्या. दोघी बेसूर, एक तर शब्दच चुकीचे म्हणते, बसच्या ऐवजी गाडी म्हणते. खिडकीची जागा मात्र सगळ्याजणी बरोबर घेतात.

दीर टेपकडे पाहत राहिले. “बंद पडला काय वो वहिनी?”

“नाही भाऊजी,” मी त्यांची पँट कात्रीखाली घेत म्हटलं, “हे तुमचे चाळीस सेकंद आहेत. बसा, संपतील आता.”

ते बसले. टक् झालं, आणि ती मुलगी पुढे गाऊ लागली.